नवीन लेबर कोडनंतर पगाराची फोड बदलायची का? २६ माणसांचं मशीन शॉप आहे, नीट समजावून सांगा

शॉपफ्लोअर_गोशि

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, वडिलांनी टाकलेलं, सहा वर्षं झाली मी बघतो. चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं), तीन सीएनसी टर्निंग, दोन जुने लेथ, पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या पार्टसचं जॉबवर्क करतो. आमच्या पगारपत्रकावर १४ माणसं आहेत आणि १२ कंत्राटदाराची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड (केंद्राचे नवीन कामगार कायदे) लागू झाले हे पेपरात वाचलेलं, पण तेव्हा ऑर्डरची घाई होती म्हणून बाजूला ठेवलं. आता जानेवारी उजाडला आणि एकाच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. आमचा एक टर्नर पोरगा नोकरी सोडून हातकणंगल्याकडे चाललाय, तो म्हणतो नवीन कायद्यात हिशोब दोन दिवसात द्यावा लागतो, आमच्याकडे आजपर्यंत पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या पगाराबरोबरच द्यायची पद्धत. दुसरं, आमचा सगळ्यात जुना व्हीएमसी ऑपरेटर, त्याला आम्ही सगळे मामा म्हणतो, त्याने चहाच्या सुट्टीत विचारलं की माझी ग्रॅच्युईटी (नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) वाढणार म्हणतात ते खरं काय, मला उत्तर देता आलं नाही आणि खरं सांगतो लाज वाटली. आणि तिसरं म्हणजे आमचा कन्सल्टंट. तो म्हणतो सगळ्यांची फोड बदला नाहीतर दंड बसेल, आणि त्याच दमात म्हणतो की परवडत नसेल तर १४ पैकी ८ जण कंत्राटदाराकडे टाकून द्या, सगळे प्रश्न मिटतील.

मामांचा हिशोब देतो म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं. आमचा पीएफचा वाटा धरून महिन्याला एकूण ३६,०००. त्यात बेसिक आणि डीए मिळून १४,०००, घरभाडं १२,०००, येण्याजाण्याचा भत्ता ८,३२० आणि आमचा पीएफ १,६८०. पीएफला नोंद ऑक्टोबर २००९ ची, म्हणजे १६ वर्षं झाली. ही फोड त्याच कन्सल्टंटने पाडून दिलेली, मी कधी विचारलंच नव्हतं की अशी का. कोणी यातलं असेल तर सांगा, मला चुकवायचं काही नाही पण अंधारात सहीही करायची नाही.

पगारपत्रक_मीना

दादा, मी चिंचवडला पगाराचं काम बघते, पंधरा वर्षं हेच करतेय आणि गेले दोन महिने दुसरं काही केलेलंच नाही त्यामुळे लांबलचक लिहिते, वाचा सावकाश.

आधी फोडीचं. ५० टक्के ऐकून सगळे घाबरलेत आणि बेसिक निम्मं केलंच पाहिजे असं कन्सल्टंट सांगत सुटलेत. कायदा तसं म्हणत नाही. कायदा एवढंच म्हणतो की घरभाडं, येण्याजाण्याचा भत्ता, मालकाचा पीएफ, ओटी (जादा कामाचे पैसे), कमिशन, बोनस असे जे वगळलेले घटक आहेत त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरची रक्कम परत 'वेतन' म्हणून धरायची. तुम्ही स्लिपवर फोड तशीच ठेवलीत तरी हिशोब असाच होणार. मामांचं बघा, घरभाडं, भत्ता आणि तुमचा पीएफ मिळून २२,०००. ३६,००० चे निम्मे १८,०००. वरचे ४,००० वेतनात गेले, म्हणजे मामांचं वेतन १४,००० नाही, १८,०००.

आता ग्रॅच्युईटी. सूत्र जुनंच आहे, शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १६ वर्षांना जुन्या पद्धतीने साधारण १,२९,२३० येत होते, आता १,६६,१५४ येतात. लक्षात घ्या, वाढलेलं वेतन मागच्या सगळ्या वर्षांना लागतं कारण ग्रॅच्युईटी शेवटच्या वेतनावर असते, म्हणूनच मोठ्या कंपन्यांनाही फटका बसला, टीसीएसने डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत नवीन कोडांपोटी २,१२८ कोटी दाखवले, त्यातले बहुतेक ग्रॅच्युईटीचेच. तुमचा आकडा लहान आहे पण गल्ल्यातून एकदम काढायचा म्हटलं तर मोठाच, म्हणून आजपासून तरतूद करा. एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युईटी योजना लहान शॉपलाही मिळते, दरवर्षी थोडं भरलं की माणूस निवृत्त व्हायच्या दिवशी कोणाची धावपळ नाही.

पीएफची भीती घालून घेऊ नका. १५,००० ची मर्यादा आहे तीच आहे, सरकारने डिसेंबरात स्पष्टही केलंय की त्या मर्यादेवर पीएफ कापत असाल तर हातात येणारा पगार कमी होत नाही. मामांचा १४,००० वर १,६८० जात होता, आता १५,००० वर १,८०० जाईल, दोन्हीकडून १२० वाढले.

पण ईएसआय, म्हणजे कामगारांची दवाखान्याची विमा योजना बघा, इथे बरेच जण चुकतायत. वेतनाची व्याख्या आता ईएसआयलाही हीच. पूर्वी मामांचे सगळे भत्ते धरून २१,००० च्या वर जायचे म्हणून ते बाहेर होते, आता वेतन १८,००० म्हणजे आत आले. तुमच्याकडून ३.२५ टक्के म्हणजे ५८५ आणि त्यांच्याकडून ०.७५ टक्के म्हणजे १३५. म्हणजे पीएफचे १२० आणि हे १३५ धरून मामांच्या हातात २५५ कमी पडतील. हे त्यांना पगाराच्या दिवशी स्लिप बघून कळू देऊ नका, आधी बसवून सांगा, घरच्यांना दवाखाना मिळणार हेही सांगा.

अजून एक, 'स्पेशल अलाउन्स' नावाने काही देत असाल तर ते वगळलेल्यांच्या यादीतच नाही, ते सरळ वेतनच आहे. आणि तुमच्या हेल्परांना यातलं फारसं काही लागणार नाही, कारण किमान वेतनामुळे त्यांचं बेसिक डीए आधीच निम्म्याच्या वर असतं. फटका बसतो तो मामांसारख्या जुन्या हातांच्या फोडीत, ज्यांचा पगार वर्षानुवर्षं भत्त्यातच वाढवला.

बेकरी_चिपळूण

माझा प्रश्न यातच विचारतो चालेल ना. माझ्याकडे आठ माणसं आहेत बेकरीत, दोन भट्टीवर, बाकी पॅकिंग आणि काउंटरला. राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकान अधिनियमाची मर्यादा १० वरून २० माणसांवर नेली आणि दिवसाचे ९ तासाचे १० केले असं वाचलं, मग आम्हाला लेबर कोड वगैरे काहीच नाही असं आमच्या व्यापारी ग्रुपवर सगळे म्हणतात. बरोबर का?

कोर्टरोड_सांगली

बेकरीवाले साहेब, नाही, हा गैरसमज फार पसरलाय. दुकान अधिनियम वेगळा आणि वेतन संहिता, म्हणजे चार कोडांपैकी पगाराचा कोड, वेगळी. वेतन संहितेतलं किमान वेतन आणि वेळेवर पगार हे एक माणूस असला तरी लागू आहे. ७ तारखेच्या आत पगार, कपात कशीही केली तरी निम्म्यापेक्षा जास्त नाही, जादा कामाला दुप्पट दर. बोनस मात्र २० माणसांपासून. आणि तुमच्या मुलांचे तास वाढवायच्या आधी एक बघा, कोडात आठवड्याचे ४८ तासच आहेत, दिवसाचे १० केले म्हणून आठवडा ६० चा होत नाही.

आता गोकुळ शिरगावचे शॉपवाले. मी कामगार कोर्टात प्रॅक्टिस करतो, दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय त्यामुळे कोणाची बाजू घेऊन बोलत नाही. तुमच्या टर्नरचं म्हणणं बरोबर आहे. वेतन संहितेचं कलम १७ बघा, काढलं, कमी केलं किंवा त्याने राजीनामा दिला, तिन्हीत देय वेतन दोन कामाच्या दिवसात द्यायचं. हे दोन दिवस तो शेवटचं काम करून गेला तिथून मोजायचे, राजीनामा टेबलावर ठेवला तिथून नाही. आणि यात पगार, ओटी, वेतनाचं जे काही देणं राहिलं ते येतं, ग्रॅच्युईटीला पूर्वीसारखे ३० दिवस आहेत. त्यामुळे पोराची हजेरी आणि ओटीची बेरीज त्याच्या शेवटच्या दिवशीच काढून ठेवा, टूल जमा करायचे असतील, आगाऊ उचल वळती करायची असेल तर ते आदल्या आठवड्यातच त्याच्यासमोर लिहून घ्या.

कन्सल्टंटच्या दुसऱ्या सल्ल्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, ते करू नका. कंत्राटदाराकडे टाकून काही मिटत नाही. कोडातलं कंत्राटी कामगारांचं प्रकरण ५० जणांपासून लागू आहे म्हणून तुमच्या कंत्राटदाराला लायसन लागणार नाही एवढंच खरं, पण त्याने पगार बुडवला तर तो तुम्हालाच द्यावा लागतो, पीएफ ईएसआयचंही तसंच. वर, १४ मधली ८ माणसं अशी हलवायची म्हणजे त्यांची नोकरी तोडणं आलं. ३०० पेक्षा कमी माणसं असली की सरकारची परवानगी लागत नाही, ही मर्यादा पूर्वी १०० होती, पण एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला १५ दिवसांची भरपाई ही कुठे गेलेली नाही. उलट आता पुनर्कौशल्य निधीसाठी कमी केलेल्या प्रत्येक माणसामागे १५ दिवसांचं वेतन वेगळं भरायचंय. मी अशी केस बघितलीय, कारखान्याचं नाव घेत नाही, माणसं कागदावर हलवली, मशीन तेच, सुपरवायझर तोच, हजेरीचं रजिस्टर तेच, आणि पाच वर्षं दोन्ही बाजू तारखांना येत राहिल्या. मालकाने वकिलांना दिले त्यापेक्षा ग्रॅच्युईटी स्वस्त पडली असती.

कोणी ११ महिन्यांच्या करारांचा सल्ला दिला तर तोही तपासून घ्या. मुदतीच्या कराराच्या माणसाला आता एका वर्षावरच ग्रॅच्युईटी आहे, पाच वर्षं फक्त कायम माणसाला, आणि सारख्याच कामाला पगार सोयी कायम माणसाइतक्याच. मुदतीचा करार खरंच सीझनच्या ऑर्डरसाठी असेल तर जरूर करा, त्यासाठीच तो दिलाय.

आणि तुमची २६ ही संख्या. पॉवरवर चालणाऱ्या कारखान्याला २० ची मर्यादा आहे आणि त्यात कंत्राटदाराची माणसं धरतात, त्यामुळे तुम्ही कारखानाच आहात. प्रत्येकाला नेमणूक पत्र, ४० च्या पुढच्यांची वर्षाला मोफत तपासणी, २० कामगार असल्याने तक्रार निवारण समिती, निम्मे तुमचे निम्मे कामगारांचे. फोड अशी बदलणार असाल की कोणाच्या पगारात किंवा भत्त्यात घट होते तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते तेही विसरू नका. इन्स्पेक्टर आता बहुतेक चुकांना आधी सुधारायला मुदत देतो मग खटला, पण तीच चूक पाच वर्षांत परत सापडली की ती सवलत नाही. कमी पगार दिल्याचा दंड ५० हजारांपर्यंत आहे, आणि पाच वर्षांत परत तेच झालं तर एक लाखापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

लेथवरची_लेक

मी कायद्यातली नाही, नाशिकला शिक्षिका आहे. माझे बाबा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, सत्तावीस वर्षं. एकच विचारायचं होतं दादा, मामांची ऑक्टोबर २००९ ही पीएफची तारीख आहे असं तुम्ही लिहिलंय. कामाला लागले ती तारीख तीच आहे का?

विचारायचं कारण, बाबांचं असंच झालं. ते लागले तेव्हा नऊ वर्षं पीएफच भरलेला नव्हता. निवृत्त झाले तेव्हा हिशोब अठरा वर्षांचाच केला, आणि बाबांकडे सुरुवातीचा एकही कागद नाही. मालक वाईट नव्हते, आईच्या ऑपरेशनला स्वतः गाडी घेऊन आले होते, पण त्यांचंही म्हणणं की रेकॉर्डला आहे तेवढंच. बाबा कोर्टात गेले नाहीत, नको म्हणाले. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बाजूला बरने (धातूच्या धारदार कडेने) कापल्याची जुनी खूण आहे, ती दाखवून म्हणायचे हे पहिल्या महिन्यातलं, ह्याची तारीख मला पाठ आहे. ते ऐकताना मला काय व्हायचं ते इथे लिहिता येणार नाही.

सरकारने नेमणूक पत्र सक्तीचं केलं हे वाचलं तेव्हा मला त्या पन्नास टक्क्यांपेक्षा ते मोठं वाटलं. बाबांकडे असा एक कागद असता तर एवढंच.

पगारपत्रक_मीना

ताई, तुमचा प्रश्न माझ्या हिशोबाच्या आधी यायला हवा होता, माझंच लक्ष गेलं नाही. दादा, ग्रॅच्युईटीला पीएफची तारीख बघत नाहीत, प्रत्यक्ष कामावर लागल्यापासूनची सलग नोकरी बघतात. शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं असेल तर पूर्ण धरतात. मामांना विचारा, आणि वडिलांच्या वेळचं मस्टर (हजेरीवही) असेल तर ते काढा.

शॉपफ्लोअर_गोशि

उशीर झाला उत्तर द्यायला, माफ करा, पण रिकाम्या हाताने नाही आलो.

ताईंचं वाचून त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी मामांना विचारलं तर म्हणाले २००६ च्या गणपतीनंतर लागलो, तुझ्या बाबांनी गणपती उठल्यावर ये म्हणून सांगितलं होतं. मी ऑफिसच्या माळ्यावर चढलो. तीन गोण्या जुनी चलनं, पावत्या, त्यात कुळकुळीत झालेली लांब मस्टर वह्या. सप्टेंबर २००६ च्या पानावर खालून दुसरं नाव मामांचं, बाबांच्या अक्षरात, हिरव्या शाईने. पुढे 'नवीन' लिहिलंय आणि रोज ९० रुपये. त्या पानाला कटिंग ऑइलचा डाग आहे, तीस खान्यांपैकी पहिले सहा रिकामे आणि सातव्यापासून पी पी पी.

तेव्हा आमच्याकडे बारा माणसं होती, तेही त्याच पानावर मोजली. म्हणजे ग्रॅच्युईटीचा कायदा तेव्हाही लागू होता, पीएफ लावायला बाबांनी तीन वर्षं घेतली हे खरं आहे आणि ते मी त्यांच्या माघारी लपवणार नाही. सप्टेंबर २००६ पासून १९ वर्षं होतात. मीनाताईंच्या सूत्राने १८,००० वर साधारण १,९७,३०८ आले. कन्सल्टंटच्या जुन्या हिशोबाने १,२९,२३० निघत होते. फरक ६८ हजारांचा. तुम्हाला खरं सांगू का, शॉपला ६८ हजार जड आहेत, जानेवारीत दोन पार्ट्यांचं पेमेंट अडकलंय. पण आकडा आता वहीत लिहून ठेवलाय आणि एलआयसीच्या ऑफिसला जाऊन ग्रुप ग्रॅच्युईटीचे फॉर्म आणलेत, चौदाही जणांचे.

टर्नर पोराचा हिशोब शेवटच्या दिवशी संध्याकाळीच केला, तो बसच्या आधी पैसे खात्यात बघून गेला, जाताना त्याचं मायक्रोमीटर राहिलं होतं तेही परत आणून दिलं. कंत्राटदाराकडे कोणालाच टाकत नाही. कन्सल्टंटला तसं कळवलं, तो नाराज झाला, होऊ दे.

मामांच्या हातात २५५ कमी पडणार ते मी भत्त्यात नाही, बेसिकमध्येच वाढवून देतोय. ईएसआयचं सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं बायकोच्या गुडघ्याचं त्यात बसतं का.

आता नेमणूक पत्रं करायला घेतलीत. पाच जणांच्या खऱ्या तारखा पीएफच्या आधीच्या निघाल्या, सगळ्या मस्टरवरून घालतोय. कंत्राटदारालाही सांगितलंय त्याच्या बाराजणांची पत्रं झाल्याशिवाय पुढचं बिल पास करणार नाही. एकच विचारायचं राहिलं. कन्सल्टंटने दिलेला नमुना पाच पानी इंग्रजी आहे, आमच्या हेल्परांना तो वाचता येणार नाही. मराठीत दिलं तर चालतं का?

कोर्टरोड_सांगली

चालतं, मराठीतच द्या. नाव, पद, खरी रुजू तारीख, कामाचं स्वरूप, वेतनाची फोड, कामाचे तास, सुट्टी, पीएफ ईएसआयचा नंबर एवढं दोन पानांत बसतं. वार्षिक रजा लिहिताना २४० दिवसांची जुनी ओळ उचलू नका, आता १८० दिवस भरले की रजा लागू होते, २० दिवसांना एक. दोन प्रती करा, वाचून दाखवा आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. सप्टेंबर २००६ चं ते पान मात्र स्कॅन करून मामांच्या पत्राला जोडा, आणि मूळ वही परत माळ्यावर टाकू नका.

लेथवरची_लेक

दादा, हे बाबांना वाचून दाखवलं. रोज ९० ऐकून म्हणाले, मला ४० होता. मग मामांचा लेथ कुठला होता विचार म्हणाले.

शॉपफ्लोअर_गोशि

सहा फुटी, राजकोटचा. अजून चालू आहे, बाबांना सांगा, त्याला मामा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.